शेतकऱ्यांचा चित्रकार

फ्रान्स देशाच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तेथे समुद्राजवळ ग्रुशी हे लहानसे खेडे आहे. ४ ऑक्टोबर १८१४ रोजी या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबात ज्याँ फ्रान्स्वा मिले यांचा जन्म झाला. लहानपणी ते वडिलांबरोबर शेतात राबत. नांगरणी, पेरणी, कापणी ही कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली.

मिले यांना चित्रकलेची फार आवड होती. वडिलांनी ती ओळखली आणि त्यांना शेरबूर शहरी शिकायला पाठवले. १८३७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले. त्या काळी राजेरजवाडे, देवदेवता आणि लढाया यांच्या चित्रांना मोठा मान असे. गरीब शेतकऱ्याला असा मान कोण देणार?

१८४९ साली मिले पॅरिस सोडून बायकोमुलांसह बार्बिझों या खेड्यात राहायला गेले. तेथे त्यांनी शेते, मेंढपाळ आणि कष्टकरी माणसे रंगवली. १८५७ साली त्यांनी सरवा वेचणाऱ्या स्त्रियांचे चित्र लोकांपुढे ठेवले. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे म्हणजे सरवा. तो वेचायची गरिबांना मुभा असे. या चित्रात तीन गरीब स्त्रिया कणसे वेचत आहेत. दोघी कमरेत पूर्ण वाकल्या आहेत. दूरवर मालकाच्या धान्याच्या मोठमोठ्या गंजी दिसतात. हे चित्र पाहून अनेक श्रीमंत लोक नाराज झाले. वृत्तपत्रांत टीका झाली. पण मिले यांनी आपला विषय सोडला नाही.

त्यांचे दुसरे प्रसिद्ध चित्र म्हणजे 'अँजेलस'. संध्याकाळी चर्चची घंटा ऐकून शेतकरी पतिपत्नी बटाटे काढण्याचे काम थांबवतात आणि मान खाली घालून प्रार्थना करतात. हे चित्र अगदी थोड्या पैशांत विकले गेले.

मिले यांचे बरेच आयुष्य गरिबीत गेले. उतारवयात मात्र त्यांना मान मिळाला. १८६८ साली फ्रान्स सरकारने त्यांचा गौरव केला. २० जानेवारी १८७५ रोजी बार्बिझों येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८८९ साली 'अँजेलस' हेच चित्र साडेपाच लाख फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. पण त्यांच्या कुटुंबाला त्यातले काहीच मिळाले नाही. अशा अन्यायाची चर्चा होऊन १९२० साली फ्रान्समध्ये कायदा झाला. चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीतील काही भाग मिळू लागला.

मिले यांची ही दोन्ही चित्रे आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. जगभरचे लोक ती पाहायला येतात आणि वाकून कणसे वेचणाऱ्या त्या गरीब स्त्रियांपुढे आदराने उभे राहतात.