शरणपूरचे जेकब वेनराइट

मुंबईहून नाशिकास जावयाचे म्हणजे थळ घाट चढून आपल्या इगतपुरीवरून जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाटेने काही पोरकी मुले नाशिकास नेण्यात आली. ती पूर्व आफ्रिकेतील होती. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या गावांवर धाडी घालून त्यांस पकडले, गलबतांत कोंबले, आणि इंग्रजी आरमाराने ती गलबते समुद्रात अडवून मुलांची सुटका केली. त्यांपैकीच एका मुलाचे हे चरित्र आहे. त्याचे नाव जेकब वेनराइट.

जेकब हा न्यासा सरोवराच्या बाजूच्या याओ जातीचा. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव मागे पडले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले इंग्रजी नावच जगास ठाऊक झाले. सुटका झाल्यावर त्यास नाशिकजवळच्या शरणपूर येथील आफ्रिकन मुलांच्या आश्रमात ठेवण्यात आले. आजही नाशिकातील शरणपूर रस्ता त्या वसाहतीची आठवण देतो. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ती वसविली होती. तेथे मुलांस लिहिणे-वाचणे, पवित्र शास्त्र, तसेच सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. जेकब तेथे इंग्रजी लिहावयास शिकला, आणि हीच विद्या पुढे त्याच्या हातून एक मोठे कार्य करविणार होती.

त्या काळी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे मिशनरी प्रवासी मध्य आफ्रिकेत नाईल नदीच्या उगमाचा शोध करीत होते. १८६५ साली ते मुंबईस आले असता नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण त्यांच्याबरोबर जाण्यास निघाले. पुढे १८७२ साली स्टॅन्ली यांनी झांझिबारहून लिव्हिंगस्टन यांच्या मदतीस जी मंडळी पाठविली, तीतही नाशिकचे सहा तरुण होते. त्या सहांत जेकब होते. ज्या भूमीतून गुलाम म्हणून ओढून नेले, त्याच भूमीत ते आता स्वतंत्र व सुशिक्षित पुरुष म्हणून परत गेले.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, बांग्वेलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नावाच्या गावी, डॉ. लिव्हिंगस्टन आपल्या झोपडीत मृत्यू पावले. सोबत सुमारे साठ माणसे होती, आणि त्यांत युरोपियन एकही नव्हता. मृत देहाचे काय करावे, हे सांगणारा कोणी धनी तेथे उरला नव्हता. या लोकांनी आपसांत विचार केला, सूसी व चूमा या जुन्या सोबत्यांस पुढारी नेमले, आणि देह स्वदेशी पोचविण्याचा निश्चय केला. त्यांनी काळीज व आतडी काढून एका पत्र्याच्या डब्यात घातली आणि तो डबा एका मोठ्या झाडाखाली पुरला. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना जेकब यांनी वाचली. मृताच्या सामानाची यादी त्यांनीच केली, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीखही त्यांनीच कोरली. इंग्रजी चरित्रांत मृत्यूचा दिवस बहुधा १ मे असा आढळतो. झाडावर मात्र ४ मे असे कोरलेले होते.

देहास मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळविला. मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शेवटी शिडाच्या जाड कापडात गुंडाळून, वर डांबर लावून, ते गाठोडे खांद्यावर घेऊन मंडळी निघाली. वाट हजार मैलांहून अधिक होती. आरंभीच अनेकांस दुखण्याने गाठले; पुढे एका गावी लढाईचाही प्रसंग आला. उन्यान्येम्बे येथे लेफ्टनंट कॅमरन हे इंग्रज अधिकारी भेटले. देह येथेच पुरावा, असे त्यांनी सुचविले. परंतु मंडळींनी ते मानले नाही. पुढे प्रेत नेण्यास लोक हरकत घेतील असे दिसताच त्यांनी एक युक्ती केली. प्रेत परत पाठविल्याचे सोंग करून त्यांनी खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला आणि पुढे नेला. नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते बागामोयो येथे समुद्रकाठी पोचले. जेकब या काळात रोजनिशी लिहीत होते.

तेथून देह जहाजाने इंग्लंडास गेला. सूसी व चूमा यांस मागेच राहावे लागले. सोसायटीने खर्च दिल्यामुळे एकटे जेकब बरोबर जाऊ शकले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जी अंत्ययात्रा झाली, तीत स्टॅन्ली आदी नामांकित गृहस्थांसमवेत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होते. त्या मानकऱ्यांत आफ्रिकन असे ते एकटेच. पुढे ते आफ्रिकेत परतले, मिशनच्या निरनिराळ्या ठाण्यांवर राहिले, आणि १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे त्यांचा अंत झाला.

हे वृत्त जगाने कसे वाचले, हे पाहण्याजोगे आहे. लिव्हिंगस्टन यांच्या कबरीवरील शिळेत, त्यांस दूर देशाहून आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे. त्या हातांच्या धन्यांची नावे मात्र नाहीत. शाळांतून वाचल्या गेलेल्या चरित्रांतही शेवटच्या प्रकरणात इमानी नोकरांची स्तुती येते आणि पुस्तक संपते. इमान हा थोर गुण खरा. परंतु ज्यांनी सल्लामसलत केली, पुढारी निवडले, अधिकाऱ्याचा सल्ला नाकारला आणि संकटात युक्ती योजली, त्यांस केवळ इमानी म्हणणे हे अपुरे आहे. इंग्लंडात काहींनी तर जेकब यांस गर्विष्ठ ठरविले. आपल्या पायांवर उभा राहून बोलणारा काळा मनुष्य पाहण्याची त्यांच्या डोळ्यांस सवय नव्हती, असेच म्हटले पाहिजे.

जेकब यांची रोजनिशी १८७४ सालीच जर्मन भाषांतराच्या रूपाने छापली गेली. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडातील ब्लँटायर येथे, लिव्हिंगस्टन यांच्या जन्मस्थानाच्या संग्रहालयात राहिले. ते सर्वांस वाचावयास खुले झाले २०१९ साली, म्हणजे तब्बल एकशे पंचेचाळीस वर्षांनी. शरणपूरच्या या विद्यार्थ्याने त्या रानातील हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ती वाचण्याची आवड मात्र जगास फार उशिरा लागली.

विद्यार्थिमित्रहो, यातील बोध आपल्या वाचनास लागू आहे. एकाच कपाटातील पुस्तके वाचणाऱ्यास एकाच बाजूचे जग दिसते. आफ्रिकेविषयी आपण जे जाणतो, त्यातील बहुतेक भाग तेथे बाहेरून गेलेल्या गोऱ्या प्रवाशांनी लिहिला आहे. त्यांचे ग्रंथ टाकून देऊ नयेत. परंतु त्यांच्या शेजारी, ज्यांनी ते दुःख भोगले त्यांचे ग्रंथ ठेवावेत. गुलामगिरीतून सुटलेले ओलाउदा इक्वियानो यांनी १७८९ साली, आणि अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपापली चरित्रे स्वतः लिहिली. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची पहिली कादंबरी १९५८ साली निघाली. तीत गोरे लोक येण्यापूर्वीचे गाव आतून पाहावयास मिळते. महाराष्ट्रासही हे दुःख परके नव्हते. लिव्हिंगस्टन वारले त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ, निग्रो गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. दूरच्या लोकांचे हाल वाचून त्यांस आपल्या घरातील हाल अधिक स्पष्ट दिसले.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांच्या हाती एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देताना, त्याचे ओझे कोणी वाहिले आणि त्या ओझे वाहणाऱ्याने स्वतः काही लिहून ठेवले आहे काय, हे मुलांस शोधावयास लावावे. बहुधा काहीतरी लिहिलेले असते. जेकब वेनराइट यांनी लिहिले होते, आणि ते अक्षर त्यांनी आपल्याच जिल्ह्यात गिरविले होते.