यशवंताची आई सावित्रीबाई

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांना आम्ही शिक्षक दरवर्षी ३ जानेवारीला वंदन करतो, ते मुख्यतः आद्य शिक्षिका म्हणून. १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या आणि १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या या माउलीने निराधार बालकांचेही संगोपन केले. निवासी शाळेत वावरणाऱ्या आम्हांला त्यांचे हे कार्य विशेष जवळचे वाटते.

त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. पुण्यात काशीबाई नावाच्या एका फसवल्या गेलेल्या विधवेने लोकलज्जेपोटी आपले अर्भक मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने व्यथित होऊन १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे गुप्तपणे बाळंत व्हावे, असे आवाहन करणारी पत्रके ब्राह्मणवस्तीत लावली गेली. आलेल्या स्त्रियांची व बालकांची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. १८८४ पर्यंत ३५ विधवा आल्या. त्यांची अवघी ५ बालके वाचली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे ३० दगावली, अशी नोंद जोतीरावांनी केली आहे. इतकी बालके हातची जाऊनही त्या घराचे दार बंद झाले नाही.

अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. दत्तकविधानात जातीचे बंधन मानणारा तो काळ होता. सावित्रीबाई-जोतीरावांनी त्याला केवळ आसरा दिला नाही, तर आपले नाव आणि शिक्षणही दिले. १८८७ च्या मृत्युपत्राने त्याला वारस नेमले. १८८९ मध्ये त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्याच सेवेत त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. समाजाने जन्मापूर्वीच नाकारलेला मुलगा त्यांच्या संगोपनामुळे इतरांचे प्राण वाचविणारा वैद्य झाला होता.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात दत्तकावरील जातीचे बंधन दूर करण्याची तरतूद केली. कायद्यात जे नंतर आले, ते फुल्यांच्या घरात आधीच आचरणात होते. आमच्या वसतिगृहात आलेल्या प्रत्येक बालकाला अन्न व अंथरूण मिळतेच. त्याचा हक्क नाकारला गेला तर पुढे होऊन उभे राहणारे माणूसही त्याला मिळावे, ही जबाबदारी आम्हां शिक्षकांची, पालकांची आणि माजी विद्यार्थ्यांची आहे.