पानसुपारीत झालेले लग्न

तुळशीचे लग्न आटोपले आणि धानाची पोती घरात आली, की आपल्या दिघोरी भागात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. साक्षगंध होते, तारीख निघते. खर्च किती करायचा हे मात्र कोणी कागदावर लिहीत नाही. मांडववाला एक सांगतो, बँडवाला दुसरे सांगतो, पाहुणे तिसरेच सुचवतात आणि आकडा वाढत जातो. पुढच्या मृगात तोच शेतकरी खतासाठी हातउसने मागत फिरतो. हे आम्ही विस्ताराच्या कामात दरवर्षी पाहतो. म्हणून या वेळी बियाण्याची किंवा खताची माहिती न देता एका माणसाचे चरित्र सांगतो. लग्नाचा खर्च कसा बांधावा आणि बांधलेला कसा पाळावा, हे त्यांनी करून दाखविले. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळ सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, पुढे पुण्यात स्थायिक झालेले. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व्यवसाय होता. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० मध्ये तेराव्या वर्षीच त्यांचे लग्न नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले. जोतीराव घरीच त्यांचे मास्तर झाले आणि १८४८ मध्ये दोघांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

त्याच सुमारास एक प्रसंग घडला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव गेले होते. तिथे त्यांची जात काढून त्यांचा अपमान करण्यात आला. वरात म्हणजे नुसता आनंद नाही, कोण मोठा आणि कोण लहान हे गावाला दाखवायची ती जागा आहे, हे त्या दिवशी कळण्यासारखे होते. आजही आपल्याकडे वरात कशासाठी लांबते? शेजाऱ्याच्या वरातीपेक्षा आपली लहान दिसू नये म्हणून!

जोतीराव हिशेबाचे पक्के होते, हे पुष्कळांना माहीत नसते. ते बांधकामाचे ठेकेदार होते आणि पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना सभेपुढे आली. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा असे जोतीरावांचे मत होते. सभेत विरोधात उभे राहणारे ते एकटेच. दिखाव्याच्या खर्चाला नाही म्हणणारा माणूस बहुधा एकटाच असतो, मग ती नगरपालिकेची सभा असो की घरातली बैठक.

त्याआधी २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यानंतर तीन महिन्यांतच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात या समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट आणि नवरी राधा. भटजी नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही. वधूवरांनी सर्वांसमक्ष एकमेकांना वचन दिले आणि लग्न लागले. खर्च काय, तर पानसुपारीपुरता, आणि तोही सावित्रीबाईंनी सोसला, असे चरित्रकार सांगतात.

यातली मेख लक्षात घ्या. जोतीरावांनी लग्नाचा खर्च थोडा थोडा कापला नाही. लग्न लागायला नेमके काय लागते, हे त्यांनी आधी ठरविले. दोघांची राजीखुशी, वचन आणि साक्षीला चार माणसे. बाकी सगळे त्यांनी वरखर्चात टाकले. आपण नेमके उलटे करतो. सगळे धरून ठेवतो आणि मग पत्रिकेच्या कागदात दोन रुपये वाचवतो.

हे सोपे नव्हते. भटजीवाचून लग्न म्हणजे अधर्म, अशी ओरड झाली. सोयऱ्याधायऱ्यांकडून दबाव आला. तरी जोतीराव मागे हटले नाहीत. उलट १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह साऱ्या विधींची पुस्तिका त्यांनी मराठीत काढली. कोणालाही आपल्या घरचे कार्य स्वतः पार पाडता यावे, हा त्यामागचा हेतू.

मात्र शेतकरी लग्नामुळेच बुडतो, असे म्हणणे बरोबर नाही. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यानंतर नेमलेल्या सरकारी आयोगानेही लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिले जाते, असाच निष्कर्ष काढला. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा जातो ते लिहिले, पण सारा, सावकार आणि सरकारी खाती यांनाही सोडले नाही. पाऊस आणि भाव आपल्या हातात नाहीत. मांडव मात्र आपल्या हातात आहे.

खरी परीक्षा स्वतःच्या घरात होते. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तरी ते डाव्या हाताने लिहू लागले. अशा अवस्थेत दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न ठरले. एकुलता एक मुलगा, बापाचे नाव मोठे. हौस करतो म्हटले असते तर कोणी बोट दाखविले नसते. पण ४ फेब्रुवारी १८८९ रोजी हडपसरचे सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी यशवंतचे लग्न झाले ते सत्यशोधक पद्धतीनेच. दुसऱ्यांना सांगितलेला नियम त्यांनी आपल्या मांडवात मोडला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

आता आपल्या वहीकडे या. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. त्या भावाने बँड, मांडव आणि रोषणाईचे एक लाख रुपये म्हणजे ४३ क्विंटलांहून जास्त धान. एकरी १५ क्विंटल धरले तर जवळजवळ तीन एकरांचे पीक, तेही रोवणी-मळणीचा खर्च वजा न करता! एका रात्रीच्या आवाजासाठी तीन एकर. प्रत्येक खर्च असा धानात मोजून पाहा. नको ते आपोआप गळते.

बोलणीला बसण्याआधी घरच्यांनी, नवरा-नवरी धरून, एकत्र बसावे. घरातल्या शिलकीतून किती देता येते तो आकडा आधी लिहावा, वस्तूंची यादी नंतर करावी. पीक कर्ज आणि शेताचा कागद त्यात येऊ देऊ नये. हुंड्याचा रकाना तर नकोच, १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. वही एकाच माणसाच्या हाती असावी आणि आकडा सोयऱ्यांना साक्षगंधाच्या आधीच स्पष्ट सांगावा. मागाहून सांगितले की भांडण होते. सामूहिक किंवा नोंदणी विवाहासाठी शासनाच्या शुभमंगल योजनेची चौकशी महिला व बाल विकास कार्यालयात करता येईल. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत जरूर द्यावी.

आणि सरपंच, पाटील, गुरुजी, आम्ही अधिकारी यांनी सुरुवात आपल्याच घरापासून करावी. गाव भाषण ऐकत नाही, मांडव पाहते.