चाळिशीच्या आतले सैनिक

१८३१ सालच्या जुलै महिन्यात मार्सेलिस बंदरात इटलीच्या काही निर्वासितांनी एक संघटना काढली. तिचा एक नियम चमत्कारिक होता. क्वचित अपवाद सोडता, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तिच्यात प्रवेश नव्हता. संघटनेचे नाव 'तरुण इटली', आणि तिचा संस्थापक जोसेफ मॅझिनी अवघा सव्वीस वर्षांचा होता.

महाराष्ट्राला हे नाव परके नाही. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र आणि राजकारण मराठीत आणले ते १९०७ साली, आणि सरकारने ते पुस्तक जप्त केले. नाशिकच्या 'मित्रमेळ्या'चे 'अभिनव भारत' झाले तेव्हाही डोळ्यांपुढे 'तरुण इटली'च होती. त्यामुळे आपल्याकडे मॅझिनी म्हटले की शपथा, गुप्त बैठका आणि शस्त्रे आठवतात. मला मात्र त्याच्या चरित्रात दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. तरुणांना हाक देणाऱ्याचे त्या तरुणांशी नाते काय असावे? तरुण कार्यकर्ते हेरावेत, त्यांना बळ द्यावे, देशोदेशींच्या समवयस्कांशी त्यांची गाठ घालून द्यावी, अशी कामे करणाऱ्या संस्था आज जगभर आहेत. मॅझिनीने हा खटाटोप आगगाडी आणि तारायंत्र सर्वत्र पोचण्यापूर्वी केला, आणि त्याची किंमतही पाहिली.

मॅझिनीचा जन्म १८०५ साली जिनोआत झाला. वडील डॉक्टर आणि शरीरशास्त्राचे प्राध्यापक. इटली तेव्हा अनेक राज्यांत विभागली होती आणि उत्तरेत ऑस्ट्रियाचा अंमल होता. १८२१ मध्ये फसलेल्या उठावातले लोक परदेशी पळून जाण्यासाठी जिनोआत गोळा झाले. आईबरोबर फिरायला गेलेल्या मुलाने त्यांच्यासाठी चाललेली वर्गणी पाहिली. ते चित्र त्याच्या मनातून कधी गेले नाही. देशाचे सुतक म्हणून पुढे तो काळेच कपडे घालू लागला. कायद्याची पदवी घेतल्यावर तो 'कार्बोनारी' या गुप्त मंडळात शिरला, पकडला गेला, सावोनाच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि नंतर देशाबाहेर गेला.

कैदेत त्याने एक निष्कर्ष काढला. जुन्या मंडळींचे पुढारी कुणा राजाच्या वा परक्या सरकारच्या मेहेरबानीकडे डोळे लावून बसतात. आपले ध्येय अनुयायांना सांगण्याचीही त्यांना गरज वाटत नाही. तरुणांना कार्यक्रम सांगा, शिकवा, जबाबदारी द्या, हा मॅझिनीचा मार्ग होता. त्याचे नियतकालिक डांबराच्या पिंपांत लपवून इटलीत जाई. ते नेणारे बहुधा खलाशी असत. गॅरिबाल्डी नावाचा एक खलाशी असाच या संघटनेत आला.

पण १८३३ साली कट फुटला. बारा जणांना देहदंड झाला. मॅझिनीचा बालमित्र जाकोपो रुफिनी याने तुरुंगात आत्महत्या केली. मॅझिनीला गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सव्हॉयवर केलेली स्वारी चार दिवसही टिकली नाही. बंदूक घेऊन निघालेला मॅझिनी तापाने वाटेतच कोसळला.

अशा पराभवानंतर दोन महिन्यांनी, १५ एप्रिल १८३४ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जेमतेम दीड डझन इटालियन, जर्मन आणि पोलिश निर्वासितांनी 'तरुण युरोप'च्या करारावर सह्या केल्या. प्रत्येक देशाच्या तरुणांनी आपले घर आपण सोडवायचे, पण एकमेकांच्या लढ्याला आपला मानायचे, अशी ही योजना होती. खिशात पैसा नाही, राहायला हक्काची जागा नाही, आणि करार युरोपच्या सम्राटांविरुद्ध! संघटना म्हणून 'तरुण युरोप' फार टिकली नाही. परंतु स्वदेशाचे प्रेम म्हणजे परदेशाचा द्वेष नव्हे, हा विचार तिने मागे ठेवला.

१८३६ च्या अखेरीस मॅझिनीच्या मनात शंकेचे काहूर उठले. आपल्या कल्पनेपायी कोवळी पोरे मेली. ती कल्पनाच अहंकार असेल तर? त्याने ही अवस्था स्वतःच नमूद करून ठेवली आहे. अनेक नेत्यांच्या हाकेने माणसे मरतात, पण हा प्रश्न स्वतःला विचारणारे थोडे. म्हणून मला मॅझिनीच्या शौर्यापेक्षा त्या हिवाळ्याचे मोल जास्त वाटते. जाकोपोच्या आईला तो पत्रे लिहीत राहिला, आणि १८३७ मध्ये लंडनला गेला तेव्हा जाकोपोचे दोघे भाऊ त्याच्याबरोबर होते. तेथे अंगावरचा कोट आणि पायांतले बूट गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर आली.

याच लंडनमध्ये त्याने एक वेगळे काम हाती घेतले. पेटी वाजवून भीक मागणारी, प्लास्टरच्या मूर्ती विकणारी इटालियन पोरे रस्तोरस्ती दिसत. मुकादम त्यांना गावाकडून करार करून आणीत आणि कमाई कमी पडली की मारझोड करीत. १० नोव्हेंबर १८४१ रोजी मॅझिनीने हॅटन गार्डन भागात या मुलांसाठी फुकट रात्रशाळा काढली. लिहिणे, वाचणे, हिशेब, आणि जोडीला इटलीचा इतिहास. ती मुले उठावाच्या उपयोगाची नव्हती. तरीही तो त्यांच्यासाठी वेळ देई आणि पैसा उभा करी.

त्याची खरी संघटना म्हणजे टपाल. त्याच्या समग्र लेखनाचे खंड शंभराच्या आसपास भरतात आणि त्यांतले कितीतरी केवळ पत्रांचे आहेत. १८४४ साली आपली पत्रे कुणी फोडते आहे, असा त्याला संशय आला. त्याने पाकिटांत खसखस, वाळूचे कण घालून खात्री करून घेतली. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने टपाल खातेच ती फोडत होते. पार्लमेंटात गदारोळ झाला. त्याच वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रियन नौदल सोडून आलेले अत्तिलिओ आणि एमिलिओ हे बांदिएरा बंधू कालाब्रियात उतरले आणि जुलैमध्ये सात साथीदारांसह गोळ्यांना बळी पडले. मॅझिनीचा या स्वारीला विरोध होता. तरी बोल त्यालाच लागला. लंडनमध्ये सुरक्षित बसून दुसऱ्यांची मुले मरणाला धाडतो, असे विरोधक म्हणत.

हा आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. १८५३ साली मिलानमध्ये त्याच्या प्रेरणेने झालेला उठाव फसला आणि पुन्हा फाशीचे खांब उभे राहिले. पण १८४९ मध्ये रोमला प्रजासत्ताक आले तेव्हा तो तिथे होता. तिघा सत्ताधाऱ्यांपैकी एक असूनही तो एका लहान खोलीत राहिला आणि साध्या खाणावळीत जेवला. स्वतःच्या नियमाप्रमाणे तो तेव्हा वयाने बाद झाला होता. फ्रेंच फौजांपुढे रोम पडले. इटलीचे आजचे राष्ट्रगीत लिहिणारा मामेली तेव्हाच्या जखमेने एकविसाव्या वर्षी गेला.

१८६१ मध्ये इटलीचे राज्य झाले, पण राजाच्या छत्राखाली. मॅझिनीला प्रजासत्ताक हवे होते. मेसिनाच्या मतदारांनी त्याला निवडून दिले, तर जुन्या शिक्षेवर बोट ठेवून संसदेने निवड रद्द केली. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये नेमके यावर बोट ठेवले. राज्यकर्ते बदलले, पण मॅझिनीला हवे होते ते सामान्य इटालियनाच्या हाती आले नाही.

१० मार्च १८७२ रोजी पिसा येथे मॅझिनी वारला, तो ब्राऊन या खोट्या नावाने राहत असताना. स्वतःच्या स्वतंत्र झालेल्या देशात त्याला नाव लपवावे लागत होते. त्याचे प्रजासत्ताक आले १९४६ साली.

तरुणांना बोलावणे सोपे असते. त्यांच्यावर विश्वास टाकणे, त्यांच्या आयांना पत्र लिहिणे आणि ज्यांचा आपल्याला काही उपयोग नाही त्यांनाही अक्षर शिकवणे अवघड असते. मॅझिनीने पहिले काम पुष्कळ केले, आणि त्यात चुकलाही. दुसरे काम तो चुकला नाही. आज तरुणांच्या संघटना उभारणाऱ्यांनी त्याच्याकडून काही घ्यायचेच असेल, तर मी हे दुसरे घ्या असे सांगेन.