दुसऱ्यांदा ओलांडलेला समुद्र

विजयदुर्गच्या तटावर उभे राहिले की एका बाजूला वाघोटनची खाडी दिसते आणि समोर अरबी समुद्र पसरलेला दिसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना समुद्राची भीती वाटत नाही. पोटापाण्यासाठी दूर देशी गेलेला एखादा काका, मामा किंवा भाऊ बहुतेक घरांत असतोच. पण आजपासून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, केवळ शिकण्यासाठी हा समुद्र ओलांडणारी मुले फार थोडी होती. अशाच एका मुलाची ही हकीकत आहे. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीनचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यबअली हे व्यापारी होते. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील खंबातचे. इंग्रजी शिक्षणाने मुले धर्मापासून दूर जातील, अशी भीती त्या काळी अनेक मुसलमान कुटुंबांना वाटत असे. तय्यबअलींचे मत वेगळे होते. त्यांनी मुलांना आधी मदरशात घातले, मग इंग्रजी शाळेत पाठवले आणि पुढे थेट युरोपात धाडले. बद्रुद्दीनचे थोरले बंधू कमरुद्दीन इंग्लंडमध्ये शिकून सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

बद्रुद्दीन दादा मखबा यांच्या मदरशात उर्दू व फारसी शिकला. नंतर तो एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकू लागला. मुलगा हुशार होता, पण त्याचे डोळे अधू होते. उपचारांसाठी त्याला फ्रान्सला पाठवावे लागले. पुढे १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो लंडनच्या हायबरी न्यू पार्क कॉलेजात दाखल झाला. भारताचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांच्यासाठी वडिलांनी ओळखीची पत्रे दिली होती. परमुलखात एवढाच काय तो आधार!

त्या काळचा प्रवासही सोपा नव्हता. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी प्रवासी मुंबईहून जहाजाने एडनमार्गे सुएझला जात. तेथे उतरून आगगाडीने अलेक्झांड्रिया गाठत आणि पुन्हा दुसऱ्या जहाजात बसत. लंडनला पोहोचायला सुमारे महिना लागे. घरी पाठवलेल्या पत्रालाही तेवढाच वेळ लागे. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन महिन्यांनी हाती पडणार! भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये तारेची सोय झाली ती १८६५ साली.

लंडनमध्ये सारेच निराळे होते. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडे. कोळशाच्या धुराने हवा काळवंडलेली असे. संध्याकाळचा सगळा अभ्यास दिव्याच्या उजेडात करावा लागे. निरोगी डोळ्यांनाही तो उजेड अपुरा वाटावा, मग अधू डोळ्यांची काय कथा! शाळेत सगळे विषय इंग्रजीतून, शिवाय इंग्लंडच्या शाळांत लॅटिन भाषेला मोठे महत्त्व होते. नमाजासाठी जवळपास मशीदही नव्हती. लंडनजवळ वोकिंग येथे मशीद बांधली गेली ती पुढे १८८९ साली.

अशा परिस्थितीत बद्रुद्दीनने नेटाने अभ्यास केला. १८६३ साली त्याला लंडन विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी तो बॅरिस्टर होण्यासाठी मिडल टेंपल या संस्थेत दाखल झाला. या संस्थेची एक रीत ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तेथे केवळ पुस्तके वाचून भागत नसे. दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या मोठ्या दालनात सर्वांबरोबर जेवायला बसावे लागे, तरच ते सत्र पुरे झाले असे मानत. त्या मेजावर मद्यही असे. परक्या समाजात मिसळावे तर लागेच, पण आपले काय सोडायचे आणि काय सांभाळायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असे. बद्रुद्दीनने इंग्रजांचा कायदा व त्यांची भाषा आपलीशी केली, पण आपला धर्म व आपला समाज यांच्याशी असलेले नाते कधी तोडले नाही. त्यांचे पुढील सारे आयुष्य याची साक्ष देते.

शिक्षण अर्ध्यावर आले आणि डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी खालावली की अभ्यास थांबवण्यावाचून इलाज उरला नाही. १८६४ च्या अखेरीस बद्रुद्दीन मुंबईला परतला. चार वर्षे घरापासून दूर काढली, खर्च झाला, पण हाती पदवी नाही. वय अवघे वीस वर्षांचे. जानेवारी १८६५ मध्ये राहतुन्नफ्स यांच्याशी त्याचा विवाह झाला. आता घरीच राहावे आणि कुटुंबाच्या व्यापारात लक्ष घालावे, असे त्याने ठरवले असते तर कोणी दोष दिला नसता.

पण १८६५ च्या अखेरीस बद्रुद्दीन पुन्हा लंडनला गेला. पहिल्या वेळी पुढे काय वाढून ठेवले आहे, याची मुलाला कल्पना नव्हती. या वेळी थंडी, धूर, एकटेपणा आणि डोळ्यांचा त्रास हे सारे त्याला ठाऊक होते. म्हणून हे दुसरे जाणे अधिक धैर्याचे होते. एप्रिल १८६७ मध्ये तो बॅरिस्टर झाला.

त्याच वर्षी बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. तेथील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत. तोवर हे काम इंग्रज बॅरिस्टरांच्याच हाती होते. लवकरच त्यांचा जम बसला.

आपल्याला जे मिळाले ते समाजातील इतर मुलांनाही मिळावे, अशी त्यांची तळमळ होती. म्हणून बंधू कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्थानकासमोर उभी असलेली तिची भव्य इमारत आजही पाहायला मिळते. अंजुमनच्या शाळा-महाविद्यालयांतून हजारो मुलामुलींनी शिक्षण घेतले आहे. मुलींच्या शिक्षणाची सुरुवात त्यांनी आपल्या घरापासून केली. त्यांनी स्वतःच्या मुलींनाही शाळेत घातले.

१८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. टिळकांना जामीन नाकारला गेला होता. पुन्हा अर्ज झाला तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारच्या रोषाची त्यांनी पर्वा केली नाही.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते विद्यार्थी म्हणून गेले होते, तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मुंबईला, कोणी परदेशी शिकायला जाईल. तेथील भाषा, जेवण आणि हवा सारे परके वाटेल. कदाचित एखाद्या वेळी अर्ध्यावरून परतही यावे लागेल. अशा वेळी बद्रुद्दीनची आठवण ठेवा. अर्ध्यावरून परतलेली वाट संपलेली नसते. तिच्यावर पुन्हा पाऊल टाकता येते.