बोर्डिंगातून काढलेला मुलगा

या स्मरणिकेत आपल्या दिवंगत वर्गमित्रांची आणि गुरुजनांची पाने आहेत. ती वाचण्याआधी एका फार जुन्या बोर्डराची आठवण व्हावी, असे संपादक मंडळाला वाटले. आपण वसतिगृहात राहून शिकलो ती वाटच मुळात या माणसाने पाडली. त्यांना सारा महाराष्ट्र कर्मवीर म्हणून ओळखतो. ते स्वतः कधीकाळी वसतिगृहातले विद्यार्थी होते आणि तिथून त्यांना काढून टाकण्यात आले होते, याची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही.

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर भागातल्या कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील नोकरीनिमित्त गावोगाव फिरत, त्यामुळे मुलाची शाळाही बदलत राहिली. अभ्यासापेक्षा तालीम आणि पोहणे यांत मन अधिक रमे. शिवाशिवीची चीड मात्र लहानपणापासूनची.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि राजाराम हायस्कुलात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहिले. विद्वान आणि शिस्तप्रिय अण्णासाहेब लठ्ठे हे तिथले अधीक्षक होते. ते दिवस शाहू महाराजांच्या कोल्हापूरचे. महाराज जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढत होते, जागा देत होते, पैसा उभा करत होते. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह उघडले, तेव्हा त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचे नाही, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसांत बसून आलेल्या माणसाने कसली शुद्धी करायची, हे त्यांना उमजेना. अधिकाऱ्यांना त्यांचा हट्ट उमजेना. शेवटी नाव कमी झाले आणि वळकटी उचलावी लागली. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांची सोय झाली. मॅट्रिकची पायरी मात्र त्यांना कधी चढता आली नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने बोर्डिंगात कधी ना कधी शिक्षा भोगली आहे आणि तो राग काही दिवस मनात धरला आहे. भाऊरावांनी तो धरला नाही, याची साक्ष 1914 साली मिळाली. कोल्हापुरात राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्याचा रोख लठ्ठे यांच्याकडे वळला. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांनाच तुरुंगात टाकले. तिथला छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. तरीही ज्या अधीक्षकांच्या कारकिर्दीत बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्याविरुद्ध खोटा शब्द त्यांनी उच्चारला नाही. अखेर ते निर्दोष सुटले. लठ्ठे पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

पोटासाठी भाऊरावांनी अनेक कामे केली. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, म्हणून पाटील मास्तर म्हणून ओळख झाली. ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. या भटकंतीने त्यांना खेडे दाखवले. नांगर घेणारा शेतकरी हिशेबाचा कागद वाचू शकत नाही, त्याचे पोर गुरांमागे फिरते आणि शाळा असलीच तर ती दहा कोसांवर, तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. शाळा काढून भागणार नाही, आधी मुलाच्या राहण्याजेवण्याची सोय हवी, हा त्यांचा पक्का निष्कर्ष झाला. दुधगावला मित्रांच्या सोबतीने त्यांनी आधीच एक विद्यार्थी आश्रम चालवून पाहिला होता. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले येथे सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 साली तिचे ठाणे साताऱ्याला आले.

साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, जैन, महार, मांग, चांभार, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली राहत. एकाच चुलीवर शिजलेले एकाच पंगतीत खात. मुलेच दळत, पाणी भरत, भाकऱ्या थापत, भांडी घासत. आंघोळीच्या अटीवर ज्याला जेवणाच्या पंगतीतून उठवले होते, त्याने उभारलेल्या घरात ती अट राहणार कशी? गांधीजींनी 25 फेब्रुवारी 1927 रोजी साताऱ्यास येऊन या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण केले.

या घराचा खरा भार उचलला तो लक्ष्मीबाईंनी. मुलांना त्या आईसारख्या होत्या. धान्य संपले की एकेक दागिना विकला जाई. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. हे सारे त्यांनी सोवळ्याओवळ्याचे संस्कार बाजूला सारून केले, आणि हे सोपे नव्हते. 30 मार्च 1930 रोजी त्या गेल्या. पोरकी झालेली मुले आणि एकटे पडलेले अण्णा यांनी ते घर बंद पडू दिले नाही.

त्यानंतर काम वाढतच गेले. 1935 मध्ये खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय, 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. कमवा आणि शिका या पद्धतीने मुले खडी फोडत, शेत कसत, विहिरी खणत शिकली. त्या कष्टाची लाज वाटू नये, हा त्यात धडा होता. अण्णा स्वतः खादी नेसत, खांद्यावर घोंगडी टाकत आणि अनवाणी हिंडत. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेला मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आला, संस्थेतच राबला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते बॅ. पी. जी. पाटील.

1959 साली पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी. लिट्. दिली, आणि त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णा गेले. मागे शंभरावर माध्यमिक शाळा आणि तीसहून अधिक वसतिगृहे होती. त्यांच्या गाठीला मात्र स्वतःचे असे काही नव्हते.

मित्रहो, पुढच्या पानांवरचे आपले सोबती शेतकरी, शिक्षक, एस.टी.चे चालक, सैनिक, कारकून असे होते. त्यांतल्या कित्येकांच्या घरातून शाळेत गेलेले ते पहिलेच. त्यांच्या शेजारी कोण झोपतो आणि ताटाला ताट लावून कोण जेवतो, हे आपण कधी विचारले नाही. विचारायचे असते हेच आपल्याला माहीत नव्हते, इतके ते आपल्या अंगवळणी पडले होते. त्या अज्ञानासाठी कोणीतरी तरुणपणी बोर्डिंग सोडले होते आणि कोणीतरी मंगळसूत्र उतरवले होते. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या पंगतीत बसताना दोन ताटे त्यांच्या नावाने मनातल्या मनात मांडावीत. आणि आज आपल्या गावात एखादे पोर राहण्याजेवण्याअभावी शाळा सोडत असेल, तर त्याची चौकशी उठण्यापूर्वी व्हावी.