जेम्स हारग्रीव्हज : आडव्या धाग्याची अडचण सोडवणारा विणकर



‘स्पिनिंग जेनीचा शोध कोणी लावला?’ एका गुणाचा प्रश्न. आपण ‘जेम्स हारग्रीव्हज’ असं लिहितो आणि पुढे जातो. पण त्याचं यंत्र त्याच्याच भागातल्या लोकांनी का फोडलं, हे आपल्याला माहीत नसतं. आज तेच समजून घेऊया.

आधी माग कसा चालतो ते बघा. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. बाण्याचं सूत कांडीवर गुंडाळतात, कांडी धोट्यात बसवतात आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे फिरतो. भरलेली कांडी हाताशी नसेल तर विणकर कितीही हुशार असो, माग बंद!

जेम्सचा जन्म 1720 च्या सुमारास इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात झाला. तो विणकाम करायचा आणि सुतारकामही जाणायचा. 1733 मध्ये जॉन के याने धावता धोटा तयार केला होता. त्यामुळे विणकाम झपाट्याने होऊ लागले, पण सूत मात्र घरोघरी बायका-मुले चरख्यावर एकेक धागा करूनच कातत असत. एका विणकराला सूत पुरवायला अनेक जण लागत.

1764 च्या सुमारास जेम्सने एका चौकटीत आठ चात्या उभ्या बसवल्या. एक चाक फिरवले की आठही चात्या फिरत आणि एकच माणूस एकाच वेळी आठ धागे काती. हीच स्पिनिंग जेनी. तिचे सूत मऊ, पण कमी मजबूत होते. ताण्याला ओढ सोसावी लागते, तिथे ते टिकत नसे. बाण्यासाठी मात्र ते छान चालायचे.

पण सूत भरपूर निघू लागले, तसे कातणाऱ्यांना आपली मजुरी बुडेल असे वाटू लागले. 1768 मध्ये जमाव त्याच्या घरात घुसला आणि यंत्रे मोडून टाकली. जेम्स गाव सोडून नॉटिंगहॅमला गेला आणि तिथे मोज्यांसाठी लागणारे सूत काढू लागला. 1770 मध्ये त्याने पेटंट घेतले. पण त्याआधीच काही यंत्रे विकलेली असल्यामुळे त्याचा हक्क टिकला नाही. 1778 मध्ये त्याचे निधन झाले. तोवर इतर लोक जेनीवर भरपूर कमाई करू लागले होते.

मित्रांनो, जमावाने केलेली मोडतोड चुकीचीच होती. पण त्यांची भीती खोटी होती का? आठ जणींचं काम एकटीने केलं, तर उरलेल्या सात जणींच्या घरची चूल कशी पेटणार? जेम्सने सुताची अडचण सोडवली, पण हा प्रश्न तसाच राहिला. नवीन यंत्र आलं की तो आजही विचारावा लागतो. तुमचं उत्तर वहीत पाच-सहा ओळींत नक्की लिहा.